दोन दावणींच्या मधे

‘कुणाकडेच नाही, ताई. टेक्निकली,’ मनिषा म्हणाली आणि हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. शेजारीण गच्चीवरून हसते तसं ते हसणं होतं. पण ते फोनवरून, पुण्याहून माझ्या कानात आलं, कानातून मानेत उतरलं आणि तिथेच बसून राहिलं. मी विचारलं होतं ते इतकंच, की आज शुक्रवारी जुन्या कंपनीतून माझं नाव निघणार, सोमवारी तुमच्याकडे लागणार, तर मधल्या शनिवार-रविवारी मी कुणाकडे? बोलण्याच्या ओघात विचारलं होतं. खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता, समोरच्या बाई गोधड्या उन्हात टाकत होत्या, बीडची रोजची सकाळ होती. ‘कुणाकडेच नाही’ हे शब्द त्या उजेडात जरा वेळ तरंगले आणि माझ्या पोटात बाळ एकदम गप्प झालं. दारामागे कुणी बोलतंय असं वाटल्यावर लहान मूल खेळता खेळता थांबतं, तसं.

माझं काम डेन्मार्कचं. तिथल्या गोठ्यांमध्ये कॅमेरे लावलेले असतात, व्यायला आलेल्या गाई वेगळ्या कप्प्यात ठेवतात, आणि त्यांचं थेट चित्र माझ्या लॅपटॉपवर येतं. गाय उभी आहे, बसली आहे, अस्वस्थ आहे, व्याली आहे, तसं मी खूण करायची. काही आडलं असं वाटलं तर घंटेची कळ दाबायची, म्हणजे तिकडे शेतकऱ्याच्या घरात घंटा वाजते. आमच्याकडे ऊन वर आलं की तिकडे पहाटेचा काळोख असतो, म्हणून मी दिवसाउजेडी रोज कुणाची तरी रात्र पाहत बसते. सवय झाली होती. पोळी लाटावी तशी मी रात्र पाहायचे. पण त्या डेन्मार्कच्या कंपनीचं आपल्या देशात दुकान नाही, तेव्हा ती मला कायद्यानं नोकरीला ठेवू शकत नाही. म्हणून मधे एक पुण्याची कंपनी. कागदावर मी तिची. तिचा दरवाजा मी पाहिलेला नाही, तिच्यातल्या कुणी मला पाहिलेलं नाही. काम सांगणार तिकडचा हेनिंग, पगार देणार पुणं. माझे यजमान परमेश्वर मांजरसुंब्याला वजनकाट्यावर असतात. त्यांचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘ह्यात नवं काय हाय? साहेब परमुलखात, मुकादम पुण्यात, अन् कोयता आमच्या घरात. आता बघ, मुकादम बदलला की कोयत्यानं निस्तं उभं ऱ्हायचं.’ मी हसले होते. आता मुकादम बदलत होता.

मनिषा नव्या कंपनीची, तीही पुण्याचीच. तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. हेनिंगनं माझ्यासाठी मुद्दाम बोलणं केलं होतं, माझी जुनी नोकरी सलग धरायची, म्हणजे बाळंतपणाची रजा सोमवारपासूनच लागू होईल. ‘फक्त एकच बघा ताई, मधल्या दोन दिवसांत तुमच्या हातून काही काम झालेलं दिसता कामा नये. दिसलं, तर प्रश्न येतो, हे काम केलेलं माणूस कुणाचं? मग वकील, मग सगळं अडकतं. तुम्ही तिथं नव्हताच, असं असलं की झालं.’ मी बरं म्हटलं. रजा मला हवी होती, लुगड्याच्या गाठीसारखी घट्ट हवी होती. पहिलं बाळ आठव्या महिन्यात गेलं. आता पुन्हा आठवा होता, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता खुर्ची बंद, डाव्या कुशीवर पडून राहायचं, उठायचं ते फक्त न्हाणीपुरतं. पडून राहायला रजा पाहिजे, आणि रजेला मी कुणाची तरी असायला पाहिजे. एवढं साधं होतं ते. तरी फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात रजा नव्हती. सूप होतं. आईच्या हातातलं, शेणानं सारवलेलं, कडेला वाकडं झालेलं सूप.

मी जन्मले तेव्हा माझ्या आधीची दोन गेली होती. आई, सुंदरबाई, तेलगावच्या अलीकडे शेतातल्या घरात राहायची. पाचव्या दिवशी सटवाई येते, पाळण्याशी उभी राहते, कपाळावर लिहिते. दोन्ही वेळा तिनं काय लिहिलं ते आईला कळलं होतं. म्हणून तिसऱ्या खेपेला आईनं तिला फसवायचं ठरवलं. त्या वर्षी आमच्या रानात बायडाबाईची मेंढरं बसली होती, खतासाठी. बायडाबाई दाराशी ताक मागायला आली, तर आईनं मला सुपात घातलं, सूप उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाली, ‘हे घे, मला नगं.’ बायडाबाईला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं ओटीतून पसाभर ज्वारी काढून आईच्या पदरात टाकली, मला उचललं, घोंगडीत घेतलं, मेंढरांच्या वाड्याला एक फेरी मारली, आणि परत आणून म्हणाली, ‘माझी लेक हाय, जरा सांभाळ, मी मेंढरं बघून येते.’ त्या ज्वारीची भाकरी आईनं खाल्ली, तिचं दूध मी प्याले. पाचवीच्या रात्री आई पाळणा हलवत मोठ्यानं म्हणत होती, दाराबाहेर ऐकू जाईल असं:

सटवाई पुसती बाई, कुणाची तान्ही पाळण्यात,
माझी न्हाई गं, माझी न्हाई, तिची माय हिंडती रानात.

ही ओवी मी किती वेळा ऐकली असेल. ताप आला की आई ती म्हणायची, विंचू चावला तेव्हा म्हणाली होती. शाळेत घालताना मास्तरांनी सहज विचारलं, ‘सत्यशीला तुमचीच का?’ तर आई घाबरून म्हणाली, ‘न्हाई, धनगराची हाय.’ मास्तर किती तरी वेळ हसत होते. मला राग यायचा. सगळ्यांच्या आया ‘माझं सोनं, माझी बाय’ म्हणायच्या, माझी आई माझ्या डोक्यावर हात ठेवायची तेही इकडे तिकडे बघून. अशी विकलेली लेक लग्नाआधी सोडवून घ्यायची असते. विकत घेणारीला लुगडं-चोळी द्यायची, तिनं हाताला धरून परत आईच्या हातात द्यायचं, दोघींचे हात एका वेळी पोरीच्या मनगटावर असले पाहिजेत. माझ्या लग्नाच्या वेळी बायडाबाईची मेंढरं लांब कुठं गेली होती. आई म्हणाली, करू मागून. मग आईच गेली. पहिलं बाळ गेल्यावर सासरच्या बायका कुजबुजल्या, सोडवलीच न्हाई ना हिला, लेकरू कुणाच्या नावानं यावं? मी शिकलेली, मी कान बंद केले. कान बंद केले तरी ऐकू येत राहतं ते बाहेरून येत नसतं.

शनिवारी परमेश्वर काट्यावर गेल्यावर घर फार मोठं झालं. मी कुशीवर पडले, भिंतीवरचं ऊन सरकताना पाहत राहिले. हात मात्र सवयीनं उशाशी गेला, लॅपटॉप उघडला गेला. नाव काढलंय म्हणजे दार बंदच असणार, नुसतं पाहू, असं मनात होतं. दार उघडं होतं. वरच्या कोपऱ्यात जिथं माझं नाव असायचं तिथं काहीच नव्हतं, पांढरी जागा, आणि तिच्याखाली नेहमीसारखे गोठे. काळोखातले, धुरकट, राखेच्या रंगाचे. गाईंचे डोळे तेवढे दिव्यासारखे. कुणीच पाहत नसताना या कशा दिसत असतील असं मला पूर्वी कधी तरी वाटलं होतं. आता तेच चाललं होतं, मीही त्यात धरलेली नव्हते. मला माझ्या हातांकडे बघावंसं वाटलं. बघितलं. होते.

शेवटच्या कप्प्यात एक गाय आडली होती. ती उठायची, बसायची, मान मागे वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची. पाणमोट फुटून गेली होती, आणि एकच पाय बाहेर आला होता. लहानपणी बायडाबाईच्या वाड्यावर मी हे पाहिलं होतं. दोन पाय आणि वर नाक असं आलं तर ठीक, एकटा पाय आला की दुसरा आत दुमडलेला असतो, मग हात घालणारं कुणी तरी पाहिजे. मी वाट पाहिली. माझ्या जागी कुणी तरी बसवलं असेल, ते दाबील कळ. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. गाय बसली ती उठली नाही. तिनं मान जमिनीला लावली, आणि तिचे दिवे बारीक झाले. तुम्ही तिथं नव्हताच असं असलं की झालं. मी नव्हतेच. मी बीडात होते, कुशीवर होते, कुणाकडेच नव्हते. माझ्या पोटातलंही शुक्रवारपासून नीट हललं नव्हतं, हे मी परमेश्वरला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, मी ही कळ दाबली तर रजा जाईल. मला वाटलं, नाही दाबली तर ते वासरू जाईल आणि त्याच्या मागोमाग सटवाईला कळेल मी कोणत्या घरात आहे. दोन्ही वाटणं एकाच वेळी आली आणि बोट खाली गेलं.

तिकडे घंटा वाजली असणार, मला तर नुसती शांतताच ऐकू आली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग कप्प्याच्या काळ्या कोपऱ्यातून एक बाई पुढे आली. दारातून नाही, कोपऱ्यातून. दार चित्राबाहेर असेल, मी म्हटलं. वाकलेली होती, डोक्यावरून काही जाड पांघरलेलं होतं, पाय उघडे. शेतकऱ्याची म्हातारी आई असेल, मी म्हटलं. ती गाईच्या मागं उकिडवी बसली, एक बाही वर केली आणि हात आत घातला, घाई न करता, कणगीतून धान्य काढावं तसा. तिचे ओठ हलत होते. चित्राला आवाज नसतो, कधीच नव्हता, तरी माझ्या तोंडून तेच शब्द, आईच्या ओवीचे, हलक्यानं बाहेर पडत होते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. वासरू आलं. तिनं त्याच्या नाकातलं बोटानं काढलं, ते गाईच्या तोंडाशी सरकवलं, आणि मग मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळेही दिव्यासारखे दिसले. मी लॅपटॉप मिटला. पोटात बाळानं इतक्या जोरानं लाथ मारली की मी ओरडलेच. मग रडले. ते रडणं भीतीचं होतं की कसलं, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी मी परमेश्वरला म्हटलं, मला उद्या बायडाबाईकडे न्या. ‘कावून?’ ते म्हणाले. ‘डॉक्टरीणबाई काय म्हणल्या? पड म्हणल्या का हिंड म्हणल्या?’ मी म्हटलं, लुगडं द्यायचं राहिलंय. आईच्या वेळी, बाळाच्या वेळी, कधीच मी हे तोंडातून काढलं नव्हतं. ‘लई शिकलेली बायको केली म्हणून गावभर मिरवलं मी,’ ते म्हणाले, आणि काट्याच्या मालकाची गाडी मागायला उठले. बायडाबाईची मेंढरं वडवणीच्या पुढं एका कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या रानात बसली होती, हे त्यांनीच फोन करून शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी अशी चालवली की सायकलवाले पुढं जात होते, आणि प्रत्येक खड्ड्याला ते खड्ड्याला शिव्या न देता मला ‘बस बस बस’ म्हणत होते, जशी काही मीच उडत होते.

रान पांढरं पडलेलं होतं, भर दुपार, एक पान हलत नव्हतं. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून उभी. बायडाबाई बाभळीच्या विरळ सावलीत घोंगडी अंथरून बसली होती, फार म्हातारी झालेली, डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडलेला. मी पाया पडायला वाकू लागले तर तिनं हात आडवा केला. ‘वाकू नगं. कावून आलीस गं एवढ्या उन्हात, पोटुशी बाई?’ मी कोण ते सांगितलं नव्हतं. मी लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पोत चाचपलं. ‘चांगलं हाय. कशाचं?’

‘मला सोडवायचं,’ मी म्हटलं.

‘सोडते की. माझं काय जातंय?’ तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता, त्या उन्हात. ‘पर घेतंय कोण? सुंदरा गेली. मी सोडलं अन् समोर हात न्हाई, तर मग?’ ती मेंढरांकडे तोंड करून बोलत राहिली, मला नाही, कुणालाच नाही, अर्धं बोलत आणि अर्धं म्हणत:

सुटलं वासरू बाई, देऊ कुणाच्या हाती कासरा,
दोन दावणींच्या मधी, न्हाई सावली, न्हाई आसरा.

‘मी घेतो की,’ परमेश्वर मागून म्हणाले. ‘नवरा हाय ना मी?’

‘तू गप बे,’ म्हातारी म्हणाली. ‘तुला मिळालीय ती. तू कशी घेशील?’ ते हसले, मग त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं, कारण तिनं आपला दुसरा हात उन्हात धरून उलटापालटा केला. कोपरापर्यंत काही वाळलेलं होतं. ‘काल न्याहारी झाली अन् डोळा लागला,’ ती म्हणाली. ‘आडली व्हती कुणाची तरी. मोठं जनावर, गाय. लई थंडी बाई तिथं. दात वाजत व्हते. अन् खाली पाचट न्हाई, माती न्हाई, भुसा. लाकडाचा भुसा, सुताराच्या दारात आसतो तसा. गाई कशाला कुणी भुशात बांधतंय?’

‘कुणाची होती गाय?’ मी विचारलं.

‘कुणाची का आसंना,’ बायडाबाई म्हणाली. ‘आडलेल्याला इचारत न्हाईत.’ आणि लुगडं माझ्या ओटीत परत टाकून तिनं माझं मनगट सोडलं नाही. ‘ऱ्हाऊ दे. नावानं माझीच ऱ्हा. आत हाय ते बी माझंच. झालं की ये घिऊन, तवा बघू.’ तिनं कमरेच्या पिशवीतून मूठभर ज्वारी काढली, माझ्या पदरात सोडली. पोटावर दाणे पडले, आतून बाळानं त्या जागी टेकू दिल्यासारखं केलं. मी उठताना तिच्या घोंगडीचा काठ झटकला. काळ्या लोकरीत काही तरी फिकट अडकलेलं होतं, पापुद्र्यासारखं वळलेलं, रंधा मारल्यावर निघतं तसं. मी ते काढलं नाही. परमेश्वरनं ते पाहिलं का, मी अजून विचारलेलं नाही. येताना त्यांनी गाडी आणखी हळू चालवली आणि एकदाही ‘बस बस’ म्हणाले नाहीत.

सोमवारी मनिषाचा फोन आला तेव्हा मी त्या ज्वारीची भाकरी खात होते. आदल्या सांजेला परमेश्वरनंच गिरणीतून दळून आणली होती. मूठभर ज्वारी दळायला गिरणीवाल्यानं हसून दुसऱ्याच्या दळणात मिसळू का विचारलं, तर हे म्हणाले, न्हाई, हेच पाहिजे. ‘वेलकम, ताई! आजपासून तुम्ही आमच्या,’ मनिषा म्हणाली. आणि मग तिचा आवाज जरा आवळला. ‘एक विचारायचं होतं. रजेची सही त्यावरच अडकलीय. शनिवारी तिकडच्या एका गोठ्यात घंटा दाबली गेली. दाबणाऱ्याच्या जागी काहीच नाही, कोरं. तिकडच्या माणसाच्या घरी त्या दिवशी कुणीच नव्हतं, तो उजाडल्यावर आला तर वासरू उभं राहून दूध पीत होतं. आणि चित्रात एक म्हातारी दिसतेय. तो म्हणतो, आमच्याकडे अशी बाईच नाही. हेनिंगनं सगळ्यांना विचारायला सांगितलंय. ताई, ते तुम्ही होता? आणि ती बाई, तुमच्या कुणी?’

खालून भंगारवाल्याची हाक आली. उंबऱ्यावर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात, दार सताड उघडं असून, कुणी तरी उभं असल्यासारखा एक पट्टा जरा गार, जरा काळसर होता. जे काही होतं ते ऐकत होतं. मला आई आठवली, शाळेच्या पायरीवर, माझा हात घट्ट धरून ‘न्हाई’ म्हणताना. तिची बोटं त्या दिवशी इतकी रुतली होती मला, आणि मी वर्षानुवर्षं फक्त तिचा शब्द लक्षात ठेवला. बोटं विसरले.

‘न्हाई,’ मी म्हटलं. ‘ती माझी कुणी न्हाई. आणि मी तर तिथं नव्हतेच ना, मनिषाताई. तुम्हीच म्हणालात, कुणाकडेच नाही.’

पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला. ‘हो, तेच,’ मनिषा सुटल्यासारखी म्हणाली. ‘मग झालं. सही पाठवते. आता आराम करा ताई, बाळाला जपा.’ मी फोन ठेवला, डाव्या कुशीवर वळले, भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात घातला. मग पोटावर दोन्ही हात, मनगटाला मनगट लावून, गच्च ठेवले, दाराकडे तोंड केलं, आणि उंबऱ्यापलीकडे ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, ‘माझं न्हाई गं बाई, माझं न्हाई.’ आत ते हललं, आणि हलतच राहिलं.